चूलबंद आवतन

आमच्या घराण्यात कानबाईचं, म्हणजे खानदेशात श्रावणात बसवतात त्या देवीच्या जेवणाचं, आवतन चिठ्ठीनं जात नसे. वाटेत भेटलेल्या माणसाच्या हाती निरोप देऊनही चालत नसे. ते घरच्या पोरानं द्यायचं. श्रावणातल्या कानबाईच्या रविवारच्या आदल्या दिवशी हातपाय धुऊन, कुंकवात कालवलेल्या अक्षतांची वाटी घेऊन भाऊबंदांच्या दाराशी जायचं, उंबऱ्यावर चार दाणे ठेवायचे आणि घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारून खणखणीत म्हणायचं, "उद्या कानबाई बसतेय, चूलबंद आवतन आहे." चूलबंद म्हणजे त्या घरातल्या झाडून सगळ्यांनी, आलेल्या पाहुण्यासकट, आमच्याकडे जेवायचं, त्यांच्या चुलीनं त्या दिवशी धूर काढायचा नाही. दाणे आणि शब्द दोन्ही पोचले तर आवतन पोचलं. नुसते दाणे ठेवून येणं म्हणजे न बोलावण्याहून वाईट, कारण त्याचा अर्थ होतो की तुमच्याशी बोलायची आमची इच्छा नाही. हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असे. मलाही ठाऊक होतं. तेव्हा मला नववं वर्ष होतं आणि मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

त्या वर्षांत माणसं जिथल्या तिथे होती, वरची राज्याची पाटी तेवढी बदलली होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, बुऱ्हाणपूरच्या कचेरीत कारकून. त्यांचे कागद आधी नागपूरहून यायचे, मग भोपाळहून येऊ लागले आणि सगळे हिंदीत. आप्पा संध्याकाळी ओट्यावर बसून हिंदी मसुदे घोटायचे, आणि पलीकडच्या गल्लीतून येणारी मागांची खटखट त्यांना ताल धरायची. एके दिवशी त्यांनी ठरवलं की विमलला, म्हणजे मला, मराठी शाळेतून काढायचं आणि हिंदी शाळेत घालायचं. पोरगी शिकेल, मास्तरीण होईल, पण नोकरी आता या राज्यात मिळणार, ती या राज्याच्या भाषेतच मिळेल, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं, मी पुढे झालेही मास्तरीण. पण मराठी शाळेत ज्यांच्या वर्गात मी बसत होते ते गोविंदकाका आप्पांचे थोरले चुलत भाऊ होते. दोघं एका ताटात जेवून मोठे झालेले. सख्ख्या भावासारख्या भावानं आपली पोर आपल्याच वर्गातून उचलली, हे काकांना लागलं. पटावरची पोरं तशीच गळत चालली होती, त्यात घरचीच पहिली. दाखला घ्यायला आप्पा आले त्या दिवशी काका त्यांना काही बोलले नाहीत. मला मात्र सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "जा. आता आमच्याशी बोलायचं तुझ्याकडे काय उरलं?"

काका रागावले की असं बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरायचे. मी विसरले नाही. मी मुळातच मुखदुर्बळ. वाण्याच्या दुकानात माझ्यामागून आलेली चार गिऱ्हाइकं सामान घेऊन जायची आणि मी फळीला धरून उभी. नव्या शाळेत तोंड उघडलं की पोरी हसायच्या, त्यामुळे तिथेही गप्प. हळूहळू घरातही मी मान हलवून काम भागवू लागले. माय, माझी आई, हे बघत होती. दापोऱ्याच्या केळीच्या मळ्यात वाढलेली, हातात घेतलेलं काम टाकायचं नाही असं तिचं. पोरीचं तोंड उघडायचं हे तिनं अंगावर घेतलं. वाण्याकडून सामान आणायला ती मलाच पाठवी, आणि रिकाम्या हातानं परत आले तर पुन्हा पाठवी, न ओरडता. एकदा हळदीसाठी मी तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला वाणी स्वतःच म्हणाला, "क्या चाहिए बेटी, बोल दे, नहीं तो तेरी माँ मेरी दुकान यहीं से उठवा देगी." मी बोलले. घरी माय हसली नाही, शाबासकीही दिली नाही. हळद डब्यात ओतली आणि म्हणाली, उद्या जिरं.

श्रावण लागला तसं तिनं जाहीर केलं की या वर्षी भाऊबंदांच्या पाचही घरांचं आवतन विमल देईल. आप्पा म्हणाले, मास्तराच्या घरी मी कुणाला पाठवत नाही, त्याला यायचं तर येईल. यावर मायनं जे सांगितलं ते मी जात्यापाशी बसून ऐकलं. ती म्हणाली, भांडण पोरीवरून झालंय, पोरच जाऊन दारात उभी राहिली, तिच्या तोंडून आवतन गेलं, तर मास्तर एक अक्षर बोलणार नाहीत, टोपी घालून निघतील. आणि यंदा कानबाईला नाही आले, तर मात्र ते आपली कानबाई वेगळी मांडतील, मग हे घर पुन्हा एक व्हायचं नाही. आप्पांनी हिंदी मसुदा पुढे ओढला, म्हणजे मानलं.

मग रोज दुपारी स्वयंपाकघरात तालीम. चुलीपाशी पाट टाकून माय बसायची आणि एकेक घर व्हायची. कधी खाष्ट आत्या, कधी झोपेतून उठलेले तात्या, कधी काहीच ऐकू न येणारी म्हातारी. ही म्हातारी तिला फार छान जमायची. कानामागे हात धरून म्हणायची, "काय म्हणते वं? काही समजलं नाही. पुन्हा सांग." मी पुन्हा सांगायचे. "कोण बसतेय? गायबाई?" मला हसू फुटायचं आणि हसता हसता आवाज मोठा व्हायचा. शेवटच्या दिवशी तिनं सांगितलं, "आता मी मथुराकाकी. बोल." मथुराकाकी म्हणजे गोविंदकाकांची बायको. मी सगळं वाक्य न अडखळता म्हटलं. मायनं माझ्या कपाळावरची बट मागे केली. "असंच सांगजो. दाण्याला तोंड नसतं, विमल. तोंड तुलाच आहे."

शनिवारी दुपारी मी निघाले. दोन रिबिनी, तांबडी वाटी. बुधवारा पेठेतली चार घरं झाली, चारही ठिकाणी मी बोलले, एका घरी तर हातावर गुळाचा खडा मिळाला. पाचवं काकांचं. ओटा चढले आणि आतून पाढे ऐकू आले. काका शनिवारी दुपारी मागे पडलेल्या पोरांना घरी बसवायचे, हे माझ्या लक्षात नव्हतं. माझ्याच जुन्या वर्गातली पोरं, एकोणतीसचा पाढा, सगळी एका सुरात. दार अर्धं उघडं होतं आणि फटीतून काकांचा पाठीमागे बांधलेला हात आणि हातातली छडी दिसत होती. आत पाऊल टाकलं तर पाढा थांबणार, वीस डोकी वळणार आणि त्या वीस डोक्यांसमोर काका मला विचारणार, काय उरलं बोलायचं? मी उंबऱ्याच्या कडेला दाणे ठेवले. ठेवले म्हणते, टाकले. आणि पळाले. मायनं विचारलं, झाली पाचही घरं? मी मान हलवली. तिला वाटलं, दमली असेल.

रविवारी पहाटेपासून जातं फिरत होतं. रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावानं मोजतात, एकेकाचं नाव घेऊन सव्वा मूठ. काकांच्या घरच्या मुठी मायनं सगळ्यांत आधी घेतल्या: काका, रतन आणि मधू. माझी किंवा काकांच्या सुशीची मूठ नसायची, पोरी रोट खातात, मोजल्या जात नाहीत. (याबद्दल मी पुढे वहिनीशी भांडले आणि आता आमच्याकडे पोरींचीही मूठ घेतात. पण ते नंतरचं.) मामांनी दापोऱ्याहून केळीचे खांब आणले, नारळाला डोळे काढले, नथ घातली, चौरंगावर कानबाई बसली. खापरावर मांडे, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी, खीर. सगळ्या घरात वेलदोड्याचा वास. चार घरची माणसं येऊन टेकली. पहिला घास सगळ्या भाऊबंदांनी एकदम घ्यायचा असतो, त्यामुळे ताटं वाढलेली आणि हात मांडीवर. दुपार चढत चालली. लहान पोरं कुरकुरू लागली. आप्पा म्हणाले, सुरू करा. माय म्हणाली, थांबा. आणि माझ्याकडे वळली. "जाय, पाहून ये. म्हणजो, माय ताट वाढून बसलीय."

मी त्या गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि थबकले. रविवारचा स्वयंपाक घरोघरी चालला होता, सगळ्या कौलांतून धूर निघत होता. एका काकांच्याच घरावर धूर नव्हता. ओट्यावर रतन आणि मधू कडक इस्त्रीच्या सदऱ्यांत बसले होते, चुरगळू नये म्हणून ताठ. सुशीनं हिरवा परकर नेसला होता, डोक्यात गजरा होता आणि तो सुकला होता. मला बघून ती धावत आली. हळूच म्हणाली, "विमल, आवतन खरं आहे ना वं? बाबा म्हणतात, तोंडानं कुणी बोललं नाही तर उठायचं नाही. आम्ही सकाळपासून चहासुद्धा नाही पेला." तेवढ्यात दारात काका आले. काळा कोट, काळी टोपी. जायची सगळी तयारी झालेली. त्यांनी मला पाहिलं आणि ते उंबऱ्यावर उभे राहिले. रागावलेले नव्हते, हे मी आज शपथेवर सांगेन. एखाद्या पोराला उत्तर येतंय, नुसतं सुचायला वेळ लागतोय, अशा वेळी ते फळ्यापाशी जसे थांबायचे, तसे थांबले होते. मी तोंड उघडलं. वाक्य पाठ होतं, पहिला शब्द जिभेवर होता. मग काकांच्या पायापाशी मला उंबऱ्याच्या कडेचे कालचे तांबडे दाणे दिसले, तिथेच, कुणीही न उचललेले, आणि मी वळून पळाले.

घरी आले. माय उंबऱ्यातच होती. मी म्हणाले, "दार बंद होतं, माय. कडी होती."

इतकंच. आयुष्यात एवढं सरळ, न घोकता, मी त्याआधी कधी बोलले नव्हते. मायच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं. ती आत गेली आणि वाढायला लागली. आप्पांनी पहिला घास घेतला. जेवण झाल्यावर मी माळवदावर चढले. बऱ्याच वेळानं काकांच्या कौलांतून धूर निघाला, आधी बारीक, मग जाड, आणि मला कळलं की आता तिथे भाकरी टाकल्या जात आहेत.

रोट बाहेरच्या माणसाला देत नाहीत, टाकत तर नाहीतच. काकांच्या घरचे रोट उरले. ते आप्पांनी खाल्ले. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, दुधात कुस्करून, दुसऱ्या कुणाला हात लावू न देता. शेवटी शेवटी ते दगडासारखे झाले होते. आप्पा मान खाली घालून खात होते आणि मी समोर बसून बघत होते. पुढच्या श्रावणाच्या आत काकांनी बदली मागून घेतली आणि घर हलवून रावेरकडे, महाराष्ट्रात गेले. मास्तर भाषेसाठी गेला, असं गावात म्हणत. तिकडे त्यांनी आपली कानबाई वेगळी मांडली. पुढे एका मयताला दोघे भाऊ स्मशानात एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते, बोलले नाहीत. आता दोघेही नाहीत.

मी शिक्षिका झाले. इतक्या वर्षांत माझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराला मी निरोप घेऊन दुसऱ्या वर्गात पाठवलं आहे. सगळ्यांत गप्प असेल त्याला आधी. नुसता खडू मागून आण, घंटा झाली का विचारून ये. काही पोरं दारापासून परत येतात आणि खोटं सांगतात, की त्या बाई वर्गात नाहीत. मी लगेच ओळखते. रागवत नाही. अशा पोराचा हात धरते आणि त्या दारापर्यंत त्याच्याबरोबर जाते, बोलू मात्र त्यालाच देते. मायचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तिनं मला तयार करण्यात कसूर केली नव्हती. पण दुसऱ्या खेपेला मला एकटीला पाठवायला नको होतं, असं मला वाटतं, आणि असं वाटून घेण्यातही मी माझा वाटा हलका करते आहे, हेही कळतं. माझ्या सहकारी बायका म्हणतात, विमलताईंना पोरांना धीट करायचं वेड आहे. मी कधी कुणाला सांगितलं नाही की ते कुठून आलं.

या श्रावणात मी निवृत्तीला टेकलेली. काकांचा मधू नोकरी संपवून बुऱ्हाणपुरात परत आलाय, स्टेशनाकडच्या नव्या वसाहतीत घर बांधलंय, मथुराकाकी त्याच्याकडे असते, हे भावाकडून कळलं. शनिवारी सकाळी मी माहेरी गेले. माय आता थकली आहे, पण गहू अजून तीच मोजते. परातीपुढे बसून तिनं आप्पांच्या माघारी उरलेल्या पुरुषांची नावं सुरू केली होती, पोरींची त्यांच्यामागे. मी समोर बसले आणि म्हणाले, "माय, दार बंद नव्हतं."

कोणतं दार, असं तिनं विचारलं नाही. तिची मूठ गव्हातच राहिली. मी सगळं सांगितलं, पाढ्यांपासून धुरापर्यंत, मध्ये न थांबता. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आप्पांना सांगितलं होतं का कधी?" मी नाही म्हणाले. "चार दिवस खाल्ले त्यांनी ते," ती म्हणाली. मग पदरानं डोळे नाही, परातीची कड पुसली आणि पुन्हा मोजू लागली. आता ती मास्तरांच्या घरची नावं घेत होती. रतन. मधू. रतनचे दोघे. मधूची पोरगी, मधूचा पोरगा. एकाही नावाला अडली नाही. इतकी वर्षं त्या घराशी बोलणं नव्हतं आणि तिला मास्तरांच्या नातवंडांची नावं पाठ होती. शेवटची मूठ टाकून ती म्हणाली, "ऊठ. कुंकू देव्हाऱ्यात आहे. आता मी काही घोकून घेणार नाही."

ऑटोत मी वाटी पदराखाली झाकून बसले होते. मधूचं घर सापडलं. जाळीचं दार, त्याच्या मागे पलंगावर मथुराकाकी, अगदी लहान झालेली. मधूची बायको आत स्वयंपाक करत होती, शिजत्या डाळीचा वास येत होता. मी उंबऱ्यावर दाणे ठेवले, चार, एकाला एक लावून. मग सरळ उभी राहिले. "मथुराकाकी, मी विमल. उद्या कानबाई बसतेय, चूलबंद आवतन आहे."

काकीनं कानामागे हात धरला. "काय म्हणते? समजलं नाही."

मी जाळी उघडून उंबऱ्यावर उभी राहिले आणि पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघू लागली. काकीला समजलं. ती माझ्याकडे निरखून बघत राहिली. मी जवळ बसून, तिच्या कानाशी तोंड नेऊन उरलेलं सांगितलं. माफ कर असं म्हणायला मी आले नव्हते, ते तिच्याकडे मागायचा मला हक्क नाही. जे झालं ते तिला ठाऊक असावं, एवढंच.

"तुझ्या रिबिनी पाहिल्या होत्या मी," काकी म्हणाली. "मला वाटलं, तुझ्या मायनंच शिकवून पाठवलं. दाणे टाक अन् पळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली अन् पळाली, तर हे म्हणाले, पाहायला पाठवलंय, उपाशी बसलोय का. मरेपर्यंत म्हणत होते."

आत कुकरची शिट्टी झाली. काकीनं माझ्या हातातली वाटी घेतली, उरलेल्या अक्षता बोटांनी चाचपल्या, जशा मोजाव्यात तशा. मग मान वळवून सुनेला हाक मारली, "सूनबाई, उद्या गॅस पेटवायचा नाही."

सुनेनं आतून विचारलं, का हो आई, कोण आलंय?

"घरचं आवतन आहे," काकी म्हणाली. "तोंडानं आलंय."